चौकोनी निगेटिव्ह आणि कागद वाचणारं यंत्र

साठ-सत्तरच्या दशकातला घरगुती अल्बम उघडला की काळ्या जाड पानांवर छोटे चौकोनी फोटो दिसतात. जेमतेम सहा सेंटिमीटर बाय सहा सेंटिमीटर, म्हणजे आपल्या हातातल्या फोनच्या रुंदीपेक्षाही लहान. तेव्हा मोठे फोटो परवडायचे नाहीत म्हणून हे इतके लहान, असं आपण धरून चालतो. त्यात तथ्य आहे, पण नेमकं हेच माप का, याचं उत्तर त्यात नाही. हा फोटो निगेटिव्हच्याच मापाचा असतो. फोटोवाल्याने निगेटिव्ह थेट फोटोच्या कागदावर दाबून ठेवली, वरून उजेड दिला आणि कागद धुतला. मध्ये भिंग नाही, मोठं करणं नाही. याला कॉन्टॅक्ट प्रिंट म्हणतात.

यातून निघणारी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. निगेटिव्हमध्ये जे उमटलं होतं, त्यातलं बरंचसं कुणी कधी पाहिलेलंच नाही. सहा सेंटिमीटरच्या कागदावर माणसाचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. सावलीतला भाग कागदावर सरळ काळा होऊन जातो. अल्बममधला फोटो आपल्याला पाठ असतो, पण तो ज्या निगेटिव्हवरून आला तिची आपली ओळखच झालेली नसते.

आज ही ओळख करून घ्यायचं घरगुती साधन म्हणजे फ्लॅटबेड स्कॅनर. हे यंत्र फिल्मसाठी बनलेलं नव्हतं, आणि ही फिल्म स्कॅनरसाठी बनलेली नव्हती. तरी दोघांचं जमतं. ते का जमतं, हे समजायला दोघांचाही इतिहास थोडा मागून बघावा लागतो.

दोन डॉलरचा डबा

१९०० साली कोडॅकने ब्राउनी नावाचा एक डॉलरचा कॅमेरा काढला. पुठ्ठ्याचा डबा, समोर एक साधं भिंग. पुढच्याच वर्षी, १९०१ मध्ये, नंबर दोनचा ब्राउनी आला. त्याची किंमत दोन डॉलर. त्याच्यासाठी जी फिल्म बनवली, तिला पुढे १२० हा नंबर मिळाला. साधारण सहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी आणि तिच्या पाठीला काळा कागद. त्या कागदावर आकडे छापलेले असायचे आणि कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीतून ते दिसायचे. आकडा खिडकीत आला की थांबायचं आणि फोटो काढायचा.

ही फिल्म इतकी रुंद का होती? दर्जासाठी नव्हे. सामान्य गिऱ्हाइकाला कॉन्टॅक्ट प्रिंटच मिळायची, त्यामुळे निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. निगेटिव्ह लहान केली तर फोटोही लहान होणार आणि आजीला नातू ओळखू येणार नाही. म्हणून स्वस्तातल्या कॅमेऱ्यालाही मोठी निगेटिव्ह देणं भाग होतं.

१९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि हिशेब बदलला. सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म, २४ बाय ३६ मिलिमीटरची निगेटिव्ह आणि खिशात मावणारा कॅमेरा. एवढी लहान निगेटिव्ह थेट कागदावर छापून उपयोग नव्हता, ती एन्लार्जरखाली मोठी करावीच लागायची. म्हणजे ३५ मिलिमीटरच्या छायाचित्रणात डार्करूममधलं एन्लार्जर गृहीतच होतं. १२० मध्ये ते ऐच्छिक होतं. हौशी माणसाने कॉन्टॅक्टवर भागवलं. व्यावसायिकाने तीच निगेटिव्ह मोठी केली आणि तिच्यातली ताकद वापरली.

व्यावसायिकांसाठी १९२९ मध्ये जर्मनीत रोलायफ्लेक्स आला. एकावर एक दोन भिंगं, वरून मान खाली घालून बघायचं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांच्या हातातही रोलायफ्लेक्स असायचा. घरगुती टोकाला आग्फाचा क्लिक थ्री होता. काळा, हलका, जवळपास काहीही बदलता न येणारा. तो भारतातही तयार व्हायचा. एका रोलवर बारा चौकोनी फोटो. फिल्मसाठी सरकारने १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन केली. उटीला कारखाना उभा राहिला आणि तिथून ‘इंदू’ नावाने फिल्म निघू लागली. पुढे कंपनी आजारी पडली आणि बंद झाली. पण मधल्या काळात लाखो घरांत आणि गावोगावच्या स्टुडिओंत १२० च्या निगेटिव्हचा ढीग जमा झाला होता. बटर पेपरच्या पाकिटांत, बुटांच्या खोक्यांत, माळ्यावर.

पाच सेंटिमीटरचं बाळ

स्कॅनरची गोष्ट फोटोपासूनच सुरू होते. १९५७ साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये रसेल कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फोटो संगणकात घातला. कर्श यांच्या तीन महिन्यांच्या मुलाचा. फोटो फिरत्या ड्रमवर चिकटवला आणि प्रकाशाच्या ठिपक्याने तो रेघ-रेघ वाचला. फोटो होता पाच सेंटिमीटर बाय पाच सेंटिमीटर, आपल्या अल्बममधल्या चौकोनांच्या जवळपासचा. संगणकात उतरला तो १७६ बाय १७६ पिक्सेलचा. म्हणजे इंचाला साधारण ९० ठिपके. आज ज्याला आपण डीपीआय म्हणतो, त्या हिशेबाची ही सुरुवात.

छपाईच्या धंद्याने ड्रमची पद्धत उचलली. जर्मनीतल्या कील शहरातल्या रुडॉल्फ हेल यांच्या कंपनीची यंत्रं पुढे मासिकं आणि जाहिरातींच्या छपाईत मानाची ठरली. पारदर्शक ड्रमवर फिल्म चिकटवायची, ड्रम गरगरा फिरवायचा आणि फोटोमल्टिप्लायर नावाच्या अतिसंवेदनशील नळीने एकेक ठिपका मोजायचा. दर्जा आजही वाखाणला जातो. पण ते यंत्र, ते चालवणारा माणूस आणि ती खोली हे सगळं छापखान्यालाच परवडणारं होतं. कुठल्याही कुटुंबाने माळ्यावरचं खोकं घेऊन तिकडे जावं अशी ती जागा नव्हती.

फ्लॅटबेड तिसऱ्याच गरजेतून आला. १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी शोधला. प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारी ही चिप. पुढे २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९७६ च्या जानेवारीत रे कुर्झवाइल यांनी अंध व्यक्तींसाठी वाचनयंत्र सादर केलं. पुस्तक काचेवर पालथं ठेवायचं, खालून सीसीडीने पान वाचायचं, संगणकाने अक्षरं ओळखायची आणि यांत्रिक आवाजाने मोठ्याने म्हणायची. काचेवर कागद ठेवून सीसीडीने वाचणारा फ्लॅटबेड स्कॅनर तो हा. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत गायक स्टीव्ही वंडर होता.

छापलेलं पान ऐकू यावं म्हणून बनलेलं यंत्र. फिल्मवर ते कमी पडतं तेव्हा हे लक्षात ठेवायला हवं.

कागदाची सवय

कागद आणि फिल्म यांत मूलभूत फरक आहे. कागद उजेड परत फेकतो, फिल्म तो आरपार जाऊ देते. म्हणून फिल्म स्कॅन करणाऱ्या फ्लॅटबेडच्या झाकणात आणखी एक दिवा बसवावा लागतो. कागदावर सर्वात पांढरं आणि सर्वात काळं यांतला फरक साधारण शंभरपट. चांगल्या रंगीत स्लाइडमध्ये तो हजारोपट होतो, आणि तिथल्या गडद भागात फ्लॅटबेड चाचपडतो. निगेटिव्ह त्या मानाने सोपी. तिच्यातला फरक खूप कमी असतो, म्हणून स्वस्त यंत्रालाही ती झेपते.

दुसरी अडचण फोकसची. बहुतेक फ्लॅटबेडचं भिंग ठरावीक अंतरावर बांधलेलं असतं. कागद काचेला टेकतो, फिल्म होल्डरमध्ये काचेच्या दोन-तीन मिलिमीटर वर तरंगते. जुनी फिल्म पन्हाळीसारखी वळलेली असली की मधला भाग एका उंचीवर आणि कडा दुसऱ्या. काचेला टेकवली तर फिल्म आणि काच यांच्यामधल्या बारीक फटीत इंद्रधनुषी वर्तुळं उमटतात. त्यांना न्यूटनची कडी म्हणतात. न्यूटनने त्यांचा अभ्यास सतराव्या शतकात केला होता, ती आपल्या आजोबांच्या कपाळावर उमटतात. उपाय म्हणून बारीक खरखरीत केलेली काच वापरतात, किंवा फिल्म आधी काही दिवस जाड पुस्तकाखाली सरळ करतात.

तिसरी अडचण आकड्यांची. २००६ च्या एप्सन व्ही७०० च्या खोक्यावर ६४०० डीपीआय लिहिलेलं असायचं. ते खोटं नव्हतं, यंत्र इंचाला तेवढे नमुने घेतं. पण भिंगातून तेवढा तपशील येतच नाही. स्वतंत्र चाचण्यांत त्याचं खरं विभेदन सुमारे २३०० डीपीआय निघालं. स्वस्तातल्या व्ही६०० चं सुमारे दीड हजार. दोनशे मेगापिक्सेलचा फोन घेतलेल्या कुणालाही हा प्रकार नवा नाही.

आता १९०१ कडे परत जाऊ. ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह खऱ्या २३०० डीपीआयने स्कॅन केली, तर साधारण २१७० बाय ३२६० पिक्सेल मिळतात. इंचाला ३०० ठिपक्यांनी छापलं तर सात बाय अकरा इंच. बरं आहे, पण भिंतीवर लावायला अपुरं. १२० ची चौकोनी निगेटिव्ह प्रत्यक्षात ५६ मिलिमीटरची असते, म्हणजे २.२ इंच. त्याच यंत्राने तिचे ५००० हून अधिक पिक्सेल मिळतात, दोन्ही बाजूंनी. प्रिंट सतरा इंच बाय सतरा इंच. यंत्र तेच, कमतरता तीच, पण निगेटिव्ह मोठी असल्याने ती कमतरता जाणवत नाही.

ही रुंदी मुळात दिली होती एन्लार्जर नसलेल्या माणसासाठी. शंभर वर्षांनी तिचा फायदा ड्रम स्कॅनर नसलेल्या माणसाला होतोय. दोन्ही वेळा तो माणूस साधाच.

शिकागोतलं खोकं

२००७ मध्ये शिकागोत भाडं थकलेल्या एका गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला. त्यात निगेटिव्हची खोकी होती. जॉन मालूफ नावाच्या तरुणाने त्यातली काही घेतली. निगेटिव्ह स्वतः स्कॅन करत गेल्यावर त्याला कळलं की आपल्या हाती काय लागलंय. २००९ मध्ये त्याने काही स्कॅन इंटरनेटवर टाकले आणि व्हिव्हियन मायर हे नाव जगाला माहीत झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ती वारली होती. ती लोकांच्या मुलांना सांभाळायची आणि फावल्या वेळात रोलायफ्लेक्स घेऊन रस्त्यावर फिरायची. १९५९ मध्ये ती एकटीने जगभर फिरली, त्यात भारतही होता. मागे एक लाखाहून जास्त निगेटिव्ह राहिल्या. त्यातल्या फार थोड्यांच्या तिने प्रती काढल्या होत्या. शेकडो रोल तर धुतलेलेच नव्हते.

या गोष्टीत स्कॅनरचं काम नेमकं कुठे आहे ते बघण्यासारखं आहे. गॅलरीत विकल्या गेलेल्या मायरच्या प्रती बहुतांशी डार्करूममध्ये, चांदीच्या कागदावर, एन्लार्जरखाली काढलेल्या आहेत. पण लाख निगेटिव्हमधून कुठली मोठी करायची, हे ठरवायला आधी त्या कुणीतरी बघाव्या लागतात. ते एकट्या माणसाला करता आलं, कारण स्कॅनर आता घरात ठेवता येत होता. वाचनासाठी बनलेल्या यंत्राची खरी ताकद इथे दिसते. उत्तम प्रिंट त्याच्याकडून मिळेलच असं नाही, पण खोक्यात काय आहे हे तो वाचून दाखवतो.

दुसरा प्रश्न अवघड आहे. मायरने स्वतः हे फोटो कुणाला दाखवले नव्हते. कुठला फोटो निवडायचा, किती कापायचा, सावली किती उजळायची, हे सगळं तिच्या पश्चात इतरांनी ठरवलं. स्कॅन करणारा माणूस नुसता नक्कल करत नाही. तो संपादन करत असतो.

चांदी, धूळ आणि व्हिनेगर

रंगीत निगेटिव्ह स्कॅन करताना धूळ आणि ओरखडे आपोआप काढायची एक युक्ती अनेक स्कॅनरमध्ये असते. फिल्मवर एकदा अवरक्त प्रकाश टाकतात. रंगीत फिल्ममधले रंग त्याला आरपार जाऊ देतात, धुळीचे कण अडवतात. त्यामुळे फक्त धुळीचा नकाशा मिळतो आणि सॉफ्टवेअर ती पुसून टाकतं. कृष्णधवल फिल्मवर ही युक्ती चालत नाही. तिथे चित्रच चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते. यंत्राला आजीची नथ आणि धुळीचा कण यांत फरक कळत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक जुन्या १२० च्या निगेटिव्ह आजही हातानेच साफ कराव्या लागतात, स्क्रीनवर एकेक ठिपका.

याच चांदीने जुन्या फिल्मचा घातही केलाय. बंद पडलेल्या स्टुडिओंतल्या निगेटिव्ह किलोवर विकल्या गेल्या, चांदी काढायला.

ज्या वाचल्या त्यांच्यामागे हवामान लागलंय. जुनी नायट्रेट फिल्म पेट घ्यायची म्हणून सुरक्षित अशी ॲसिटेट फिल्म आली. कोडॅकने ट्रायॲसिटेट १९४८ मध्ये आणली. दमट उष्ण हवेत ती हळूहळू विघटित होते आणि ॲसेटिक आम्ल सोडते. डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो. फिल्म आकसते, चित्राचा थर सुरकुततो. ट्रायॲसिटेट येऊन दहा वर्षं व्हायच्या आत या बिघाडाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली, ती भारत सरकारकडून. आपल्या हवेने हा रोग जगाच्या आधी दाखवून दिला. एका निगेटिव्हचा वास सुटला की शेजारच्या निगेटिव्हचाही वेग वाढतो. त्यामुळे ‘सावकाश करू कधीतरी’ हे उत्तर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माळ्यासाठी फारसं बरोबर नाही.

दारातली आक्का

आमच्या वाईच्या घरात क्लिक थ्रीने काढलेल्या फोटोंचा अल्बम आहे, आणि सुदैवाने बटर पेपरमधल्या निगेटिव्हही. त्यातल्या एका फोटोत ओसरीवर सगळं घर बसलंय. मागे माजघराचं दार, काळंकुट्ट. चौकोनी प्रिंटमध्ये ते दार म्हणजे नुसता काळा आयत आहे. निगेटिव्ह मी सोळा बिटांत स्कॅन केली आणि सावल्या उजळल्या, तेव्हा त्या आयतात एक बाई निघाली. डोक्यावरून पदर, एक हात चौकटीवर, नजर थेट कॅमेऱ्याकडे.

“ही आक्का,” बाबा म्हणाले. बाबांची आत्या. लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली, जन्मभर त्याच घरात राबलेली. तिचा एकही फोटो नाही, असंच आम्ही ऐकत आलो होतो. “फोटो काढायचा म्हटलं की ती आत जायची. शुभ नाही म्हणून.”

क्लिक थ्रीचं भिंग एवढं साधं असतं की २३०० डीपीआय सुद्धा त्याला जास्त होतात. आक्काचा चेहरा धूसर आहे. पण ती आत गेली नव्हती. दारापर्यंत आली होती. अल्बममध्ये ती पन्नासेक वर्षं होती आणि घरातल्या कुणालाही दिसली नव्हती.

तिला उजळून छापायचं की नाही, यावर घरात दोन दिवस बोलणं झालं. आई म्हणाली, तिला दिसायचं नव्हतं तर आपण कोण ओढणार. बाबा म्हणाले, दिसायचं नव्हतं की दिसू द्यायचं नव्हतं? शेवटी बारा इंचाच्या दोन प्रती काढल्या. संपूर्ण चौकोन, काहीही न कापता. दार थोडंच उजळलं. बघणाऱ्याने जरा थांबलं की ती दिसते, तेवढंच.

फाइल फोनमध्ये असताना छापायचं कशाला, हे मलाही विचारलं जातं. फोन दोन-तीन वर्षांनी बदलतो, त्याबरोबर कितीतरी फोटो जातात आणि गेले हे कळतही नाही. चांगल्या सुती कागदावर पिगमेंट शाईची प्रिंट उजेडापासून जपली तर आपल्यानंतरही राहते. शिवाय ती पाहायला चार माणसं एका जागी येतात. निगेटिव्हही जपायची असते. उद्याचा स्कॅनर तिच्यातून आजच्यापेक्षा जास्त काढेल.

घरी असं खोकं असेल तर दिवाळीच्या आवराआवरीत ते आधी उघडून वास घ्या. आंबट वास येणाऱ्या निगेटिव्ह वेगळ्या काढा आणि त्या आधी स्कॅन करा. बाकीच्या प्लास्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटांत, घरातल्या सर्वांत कोरड्या कपाटात ठेवा, माळ्यावर नको. पाकिटावर शिसपेन्सिलने वर्ष आणि गाव लिहा. आणि स्कॅन स्क्रीनवर आला की ज्यांना माणसं ओळखू येतात, त्यांना शेजारी बसवा. ते काम कुठलंही यंत्र करत नाही, आणि ते करणारी माणसंही आता फार उरलेली नाहीत.